तीनशे शब्द आणि एक सॅलरी स्लिप

एकाला दुपारपर्यंत जामीन, दुसऱ्याला वर्षभर तारखा. हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

तो निबंध आठवतोय? आठवतच असेल. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. वीकेंडची पार्टी आटपून निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने बाइकला उडवलं आणि चोवीस वर्षांचे दोन इंजिनीअर गेले. दोघंही मूळचे मध्य प्रदेशातले, नोकरीसाठी पुण्यात आलेले. म्हणजे तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणाऱ्यांसारखेच. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन दिला. अटींमध्ये एक अट होती: रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. सोमवारी ऑफिसला पोचेपर्यंत मोबाइलवर जोक्सचा पाऊस सुरू झाला होता. आमच्या ग्रुपवर तर एकाने तो निबंधही लिहून टाकला, शब्दसंख्या मोजून!

पुढचं सगळं फास्ट फॉरवर्डमध्ये झालं. लोक भडकले, चॅनेलवाले पोचले, आणि २२ मे रोजी त्याच मंडळाने मुलाची रवानगी निरीक्षणगृहात केली. महिनाभराने, २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. जामीन रद्द न करता मुलाला असं डांबून ठेवणं बेकायदा आहे, असं कोर्टाचं म्हणणं. ऑक्टोबरमध्ये सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना घरी पाठवलं.

म्हणजे महिन्याभरात तीन निर्णय. आधी सोडलं, मग आत ठेवलं, मग पुन्हा सोडलं. मधल्या काळात गुन्हा तोच होता, मुलगा तोच होता, कायदाही तोच. बदलला होता तो फक्त बाहेरचा आवाज.

अल्पवयीन मुलांचा कायदा वेगळा आहे. त्यात जामीन देणं हाच नियम आणि नाकारणं हा अपवाद, त्यामुळे त्या मुलाला इथेच सोडून पुढे जाऊ. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मारामारी, खुनाचा प्रयत्न, खून अशा गंभीर गुन्ह्यांत मोठ्या माणसांना जामीन मिळतो किंवा मिळत नाही, तो नेमका कशावरून? काही रेटकार्ड असतं का?

पैसे भरले आणि सुटला?

आधी एक गैरसमज. 'पंचवीस हजारांच्या जामिनावर सुटका' अशी बातमी वाचली की आपल्याला वाटतं, काउंटरवर पंचवीस हजार मोजले आणि साहेब बाहेर. तसं नसतं. बहुतेक वेळा ती रक्कम कुणी भरतच नाही. आरोपी लिहून देतो की मी तारखांना हजर राहीन, नाही राहिलो तर एवढे पैसे सरकारजमा. हा जातमुचलका. त्याच्यासोबत दुसरा एक माणूस लिहून देतो की हा पळाला तर एवढ्या रकमेला मी बांधील. हा जामीनदार. कधी कोर्ट रोख भरायलाही परवानगी देतं, पण मूळ मामला कागदावरच्या शब्दाचा.

त्यामुळे 'एका जिवाची किंमत पंचवीस हजार?' असा जो संतापाचा मेसेज फिरतो ना, त्याचा नेम चुकतो. ती गुन्ह्याची किंमत नसतेच. खटला अजून चाललेला नसतो, माणूस दोषी आहे की नाही हे ठरायचं असतं. प्रश्न एवढाच असतो, की तो निकाल लागेपर्यंत हा माणूस आत बसणार की बाहेर?

आणि याचं पहिलं उत्तर कोर्टात नाही, पोलीस स्टेशनातच तयार होतं. कुठलं कलम लागतंय त्यावर. निष्काळजीपणाने मृत्यू हा जामीनपात्र गुन्हा, म्हणजे तिथे जामीन हा हक्क. सदोष मनुष्यवध म्हटलं की अजामीनपात्र. मुंबईकरांना २००६ चं कार्टर रोड प्रकरण आठवेल. फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले, आणि कुठलं कलम हा वाद थेट सुप्रीम कोर्टात २०१२ पर्यंत चालला. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही बरं का! अर्थ एवढाच की तो मागून मिळत नाही, न्यायाधीशाला पटवून द्यावा लागतो.

लॅपटॉपवाला जामीनदार

आता माझ्या एका मित्राची गोष्ट. आयटीतला, लॅपटॉपची सॅक पाठीवर टाकूनच जन्माला आल्यासारखा. त्याला रोज रात्री घरी सोडणाऱ्या कॅबच्या ड्रायव्हरने एक दिवस गाडी बाजूला घेतली. ''सर, एक काम होतं. नाही म्हणालात तरी राग नाही.'' ड्रायव्हरचा धाकटा भाऊ गणपतीतल्या एका भांडणात पकडला गेला होता. समोरच्या पोराचं डोकं फुटलं होतं, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं होतं. काही महिन्यांनी कोर्टाने जामीन मंजूर केला. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.

घरात पेढे वाटून झाले. आणि त्यानंतर तो मुलगा सोळा दिवस आतच होता.

का? जामीनदार मिळेना. गावाकडे काकांची जमीन आहे, सात-बारा आहे, पण ते गाव लातूर जिल्ह्यात. इथे भाड्याची खोली. जामीनदार स्थानिक असलेला बरा, असं त्यांना सांगण्यात आलं. ऐपतीचा दाखला आणायचा तर तहसील कार्यालयाच्या फेऱ्या, म्हणजे रोज एक दिवसाची ड्युटी बुडणार. शेवटी वकील म्हणाले, चांगल्या कंपनीतला कुणी पगाराची स्लिप घेऊन उभा राहिला तर काम होईल. ड्रायव्हरच्या ओळखीचा 'चांगल्या कंपनीतला' माणूस म्हणजे रोज मागच्या सीटवर हेडफोन लावून झोपणारा माझा मित्र.

मित्राने मला फोन केला. ''काय करू गं? मी त्या पोराला कधी पाहिलेलंही नाही.'' मलाही सुचेना. त्यातून त्याच्या आईने 'कोर्टाची पायरी' वगैरे सुरू केलं होतं.

मी मग जरा वाचायला घेतलं, आणि हे दुखणं किती जुनं आहे ते कळलं. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. मोती राम त्याचं नाव. त्याला जामीन द्या असं खुद्द सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ चे दहा हजार! भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नामंजूर. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा चांगलंच झापलं, दुसऱ्या जिल्ह्यातला भारतीय हा काय परदेशी आहे का, अशा अर्थाचं लिहिलं आणि गवंड्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला लावलं. आज इतक्या वर्षांनी लातूरचा सात-बारा पुण्यात अडतो, म्हणजे बघा.

हा एकट्यादुकट्याचा लोचा नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले पाऊण हिश्श्याहून जास्त, म्हणजे शंभरातले जवळजवळ ७६, अजून दोषी ठरलेलेच नव्हते. त्याच सुमाराला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सुप्रीम कोर्टाला सांगितलं, की जामीन मंजूर होऊनही आतच असलेले सुमारे पाच हजार जण सापडलेत. त्यावर ३१ जानेवारी २०२३ रोजी कोर्टाने देशभरासाठी नियम घालून दिले. जामीन होऊन महिनाभरात माणूस सुटला नाही, तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी कुणी अडकत असेल तर ती अट घालू नये, असंही त्यात आहे. केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची. ड्रायव्हरच्या घरी यातलं काहीही पोचलं नव्हतं. पोचणार कसं? त्यांच्याकडे पोचला होता तो फक्त पुढच्या तारखेचा कागद.

एक एफआयआर, दोन न्यायाधीश

समजा जामीनदाराचा प्रश्न नाही. तरी एकाच प्रकारच्या गुन्ह्यात एकाला जामीन आणि दुसऱ्याला नकार का?

न्यायाधीश काय बघतात, ते सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी सांगितलंय. वरवर पाहता गुन्हा केला असं मानायला आधार आहे का, आरोप किती गंभीर, शिक्षा किती मोठी, हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुन्हा तेच करेल का. ऐकायला मस्त. पण यातला प्रत्येक मुद्दा अंदाजाचा आहे. 'पळून जाईल का' याचा अंदाज तुमचा वेगळा, माझा वेगळा. आणि स्वतःचा फ्लॅट, कायमची नोकरी, शहरात आई-वडील असलेला माणूस 'पळणार नाही' या कॉलममध्ये अलगद बसतो. भाड्याच्या खोलीतला नाही बसत. कुणी मुद्दाम अन्याय करायला बसलेलं नसतं, पण पारडं आपोआप झुकतं.

मे २०२३ मध्ये ओडिशातलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टासमोर आलं. तिथे एकाच एफआयआरमधल्या आरोपींचे अर्ज हायकोर्टातल्या वेगवेगळ्या न्यायमूर्तींपुढे जात होते. परिणाम काय होणार? कोर्टानेच म्हटलं की यातून तोच गुन्हा, तशीच भूमिका, तरी एकाला जामीन आणि दुसऱ्याला नाही अशी विसंगती येते. एका गुन्ह्यातले सगळे अर्ज शक्यतो एकाच न्यायमूर्तींपुढे ठेवा, असं सुचवलं. साधी गोष्ट आहे ना? अप्रेझलच्या वेळी आपली टीम दोन मॅनेजरमध्ये वाटली की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे रेटिंगच्या जागी माणसाचं स्वातंत्र्य आहे.

पण 'त्याला दिला म्हणून मलाही द्या' हेही सरसकट चालत नाही. मे २०२० मध्ये गुजरातेत कच्छमधल्या एका भांडणात पाच जणांचे खून झाले. आरोपींना हायकोर्टातून एकामागून एक जामीन मिळत गेले, आधीच्याला मिळाला म्हणून पुढच्याला. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. समानता बघायची तर त्या दिवशी कुणी काय केलं ते बघा, नुसती हातात काठी होती की भाला एवढंच मोजू नका, असा मुद्दा. आणि मला सगळ्यात धक्कादायक वाटलेली गोष्ट म्हणजे, 'दोन्ही बाजूंचे वकील सविस्तर कारणांचा आग्रह धरत नाहीत' असं हायकोर्टाच्या आदेशात नोंदवलेलं होतं. पाच खून, आणि कारणं नकोत! सुप्रीम कोर्टाने त्यावर स्पष्ट नापसंती नोंदवली. वकिलांची संमती असो-नसो, जामीन का दिला हे लिहिणं न्यायाधीशाचं कर्तव्य आहे.

मला विचाराल तर सगळ्या गोंधळाची किल्ली इथे आहे. दोन जामिनांचे निकाल वेगळे असू शकतात, असायलाही हवेत. पण कारण लिहिलेलंच नसेल तर तो फरक न्यायाचा की नशिबाचा, हे कळणार कसं?

स्टार, मंत्रिपुत्र आणि चार शेतकरी

कारणं लिहिली तरी ती पटायला हवीत. कन्नड सुपरस्टार दर्शनचंच बघा. जून २०२४ मध्ये त्याला एका चाहत्याच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, डिसेंबरमध्ये कर्नाटक हायकोर्टाने जामीन दिला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि कितीही मोठा माणूस असला तरी कायद्यापेक्षा मोठा नाही, असं बजावलं. तुरुंगात असताना खुर्ची टाकून सिगरेट-कॉफीचा आस्वाद घेणारा त्याचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल.

लखीमपूर खेरीची गोष्ट आणखी बोलकी. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी आंदोलक शेतकऱ्यांवर गाडी गेली आणि त्यानंतरच्या हिंसाचारासह एकूण आठ जण मेले. मुख्य आरोपी तत्कालीन केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांचा मुलगा. फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने त्याला जामीन दिला. दोनच महिन्यांत सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण मृतांच्या कुटुंबीयांना नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. खटला लांबत गेला आणि २५ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टानेच त्याला अंतरिम जामीन दिला. साक्षीदारांवर दबाव नको म्हणून उत्तर प्रदेश आणि दिल्लीत राहायचं नाही, अशी अटही घातली. पण त्याच आदेशात कोर्टाने एक गोष्ट न मागता केली. त्याच घटनेतल्या उलट बाजूच्या गुन्ह्यात, म्हणजे गाडीतल्या माणसांना मारल्याच्या आरोपाखाली, चार शेतकरी आत होते. ते या कोर्टात आलेही नव्हते. कोर्टाने स्वतःहून त्या चौघांनाही अंतरिम जामीन दिला.

त्या चौघांची आठवण कोर्टाला झाली हे उत्तमच. पण मंत्र्याच्या मुलाचा अर्ज दिल्लीपर्यंत पोचला नसता तर?

मग करा ना एकदाचं रेटकार्ड!

असं वाटणं साहजिक आहे. गुन्हा अमुक, जामीन तमुक, विषय संपला. बे एरियातल्या चुलतभावाला विचारा, कॅलिफोर्नियात हे आहे. प्रत्येक काउंटीत गुन्ह्यानुसार जामिनाच्या रकमांचा तक्ता असतो. सगळ्यांना सेम टु सेम. आणि तिथे २०१७ मध्ये काय झालं माहितीये? सॅन फ्रान्सिस्कोत साठी उलटलेल्या एका माणसावर वृद्ध शेजाऱ्याच्या घरात घुसून, धमकावून लुटल्याचा आरोप होता. लूट किती? सात डॉलर आणि कोलोनची एक बाटली. जामीन सहा लाख डॉलर! नंतर कमी करून साडेतीन लाख. तेवढे पैसे असते तर तो कोलोन कशाला उचलेल? मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ पैसे भरता येत नाहीत म्हणून कुणाला आत ठेवणं घटनाबाह्य आहे. इलिनॉयने तर सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच बंद केला. माणूस धोकादायक आहे किंवा पळेल हे सरकारी पक्षाने सिद्ध करावं, नाहीतर सोडावं. म्हणजे सगळ्यांना एकच आकडा लावला तर वागणूक सारखी होते, न्याय सारखा होईलच असं नाही.

न्यायाधीशाला मोकळं सोडावं तर तेही कधीकधी भलतीकडेच जातं. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने शेजारणीचा विनयभंग केल्याच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की रक्षाबंधनाला बायकोसह मिठाई घेऊन तिच्याकडे जा, राखी बांधून घे आणि अकरा हजार ओवाळणी घाल. तक्रारदार बाईच्या दारात आरोपी, हातात मिठाईचा डबा! मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट रद्द केली आणि आरोपी-तक्रारदाराची गाठ घालून देणाऱ्या अटी घालूच नका असं सांगितलं. जामिनाच्या चर्चेत ज्याला लागलंय तो माणूस नेहमी असाच विसरला जातो. ड्रायव्हरच्या भावाच्या केसमध्येही डोकं फुटलेला एक पोरगा आहेच की. दोन गल्ल्या सोडून राहणारा. जामिनाची बातमी त्याच्या घरी कोर्टाकडून नाही, गल्लीतून कळली.

जामीन राहताय? एक मिनिट!

उद्या तुम्हालाही कुणी विचारेल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, पगाराच्या स्लिपा लागतात. आधी आणखी कुणाकुणाला जामीन राहिलात ते लिहून द्यावं लागतं, खोटं लिहाल तर तुम्हीच अडकाल. कोर्टाबाहेर 'रेडीमेड' जामीनदार मिळवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. आरोपी गायब झाला तर तुम्हाला नोटीस येते आणि रक्कम भरावी लागू शकते, कोर्टाला योग्य वाटलं तर त्यातली काही माफही होते. आरोपीने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा मात्र तुम्हाला होत नाही, हे घरच्यांना आधी समजावा! आणि मध्येच नको वाटलं तर अर्ज करून बाहेर पडता येतं. मग त्याला नवा जामीनदार शोधावा लागतो, नाहीतर पुन्हा आत.

माझ्या मित्राने शेवटी हाफ डे टाकला. जाण्याआधी तो त्या घरी जाऊन आला, भावाच्या आईला भेटला. कोर्टात तीन तास बसून सही केली. त्या संध्याकाळी मुलगा सुटला नाही, कागद तुरुंगात पोचायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सुटला.

आता मित्राच्या ऑफिस कॅलेंडरमध्ये क्लायंट कॉल आणि टीम लंचच्या मध्ये दर थोड्या दिवसांनी एक नोंद असते. नुसतं 'तारीख' असं लिहिलेलं. आदल्या रात्री तो कॅबमध्ये हेडफोन काढतो आणि विचारतो, ''उद्या जातोय ना तो?'' ड्रायव्हर आरशातून बघून म्हणतो, ''जातोय सर. मीच सोडतोय त्याला.''